जनरल गमरे आणि माझा घाईचा बॅनर

मेजर जनरल सीताराम गमरे निवृत्त झाला तेव्हा पुण्यात बंगला घेईल, कुत्रा पाळेल, असं आम्हाला वाटलं होतं. गडी परत आला तो वरळीच्या बीडीडी चाळीत, आईबापाच्या एकशेसाठ फुटांच्या खोलीत. "बंकरमध्ये याहून कमी जागा असते रे भूषण्या," म्हणाला. भूषण्या म्हणजे मी, बुद्धभूषण. त्याच्या शेजारच्या खोलीत वाढलो आणि हेडक्लार्क होऊन थांबलो. आता चाळ पडून टॉवर झाला. तो एकोणिसाव्या मजल्यावर, मी बाविसाव्या. निदान उंचीत तरी मी त्याच्या पुढे गेलो.

गिरणी कामगाराचा हा पोरगा गॅलरीतल्या दिव्याखाली अभ्यास करून अधिकारी झाला. पण त्याचं खरं वेड कबड्डी. सैन्याच्या संघाचा तो कर्णधार होता आणि निवृत्तीनंतर देशाच्या कबड्डी संघटनेचा अध्यक्ष झाला. आल्या आल्या त्याने हुकूम काढला : निवड चाचणीत प्रत्येक चढाईचे गुण तिथल्या तिथे फळ्यावर, सगळ्यांना दिसतील असे. वशिल्याची दुकानं बसली. अनेकांच्या पोटात दुखलं, पण जनरलपुढे बोलणार कोण?

बोलायची संधी मी दिली.

माझी नात श्रेया चढाईपटू. एकोणीस वर्षांची, काटकुळी, पण पायात वीज. भारतीय संघाच्या चाचणीचं बोलावणं तिला स्वतःच्या खेळावर आलं. आता आमच्या भागात कुणाला दहावीला साठ टक्के पडले तरी नाक्यावर बॅनर लागतो. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी बॅनरवाल्याला सुट्टी होती. म्हणून मी शहाण्याने चाचणीच्या आदल्या दिवशीच लावून टाकला : 'भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. वर गणवेशातला सीताराम, हा एवढा मोठा. खाली कोपऱ्यात श्रेया, पासपोर्ट साइज. बायको, कौसल्या, म्हणाली, "अहो, यादी तरी लागू दे." मी म्हटलं, "झालीच समज."

दुपारपर्यंत बॅनरचा फोटो देशभर फिरला. संध्याकाळी निवड समितीचे प्रमुख हितेंद्र सीतारामच्या दारात हजर. सरळ माणूस, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. मी तिथेच बसलेलो. त्यांनी फोन पुढे धरला. "साहेब, चाचणी उद्या आणि अभिनंदन आज?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. माझ्या हौसेपायी मित्राची अब्रू आणि नातीचं वर्ष, दोन्ही जाणार होतं. मी चाचरत म्हणालो, "सीताराम, श्रेयाला यंदा बाहेर बसव. तुझं नाव तरी वाचेल."

तो असा भडकला की मी खुर्चीत मागे सरकलो. "गाढवपणा तू केलास आणि भोगायचं तिने? माझं नाव राखायला पोरीला वगळलं तर तोही वशिलाच झाला. माझ्या नावाचा!" मग हितेंद्रांकडे वळून म्हणाला, "उद्या मी हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. निवड तुमची. तिच्यासमोर सगळ्यात चिवट सात मुली उभ्या करा. काढायची तर खेळावर काढा."

श्रेया दारात उभी राहून सगळं ऐकत होती. खाली जाऊन तिने स्वतःच्या हाताने बॅनर उतरवला.

दुसऱ्या दिवशी दादरच्या हॉलमध्ये ती मॅटवर आली तेव्हा मागून कुजबुज झाली, "ती बघ, बॅनरवाली." पहिली चढाई, पकडली. दुसरी, पुन्हा पकडली. कुणीतरी खुदकन हसलं. फळ्यावर तिच्या नावापुढे दोन भोपळे, आणि ते माझ्यामुळेच, असं मला वाटत राहिलं.

तिसऱ्या चढाईला ती डावीकडे झुकली आणि उजव्या कोपऱ्यातलीला पाय लावून परत आली. चौथीत दोघी बाद. सहाव्या चढाईत तिघींनी तिला कमरेला धरून खाली दाबलं. पोरगी त्या तिघींना ओढत, दम न सोडता, बोटं मध्यरेषेला टेकवून मोकळी झाली. मघाशी हसलेलेच उभे राहून टाळ्या वाजवत होते. दहा चढायांत अकरा गुण. तिच्या खालोखाल आठ. हितेंद्रांनी यादी वाचली आणि पहिलं नाव घेतलं, "श्रेया." मी ढसाढसा रडलो, लाज सोडून.

सीताराम बाहेर पॅसेजच्या बाकावर पाठ ताठ ठेवून बसला होता. श्रेया घामाने निथळत त्याच्यापुढे उभी राहिली. "पहिली आले, आजोबा. दारातून तरी बघितलंत का?"

"नाही गं. हिंमतच झाली नाही."

तिने त्याचा हात धरला. "मग चला."

आत मॅट गुंडाळायला घेतलं होतं. तिने काही सांगायच्या आत त्या सात जणींनीच ते पुन्हा अंथरलं आणि हाताची साखळी करून उभ्या राहिल्या. हितेंद्रांनी खुर्ची पुढे सरकवली, पण सीताराम बसला नाही. 'कबड्डी, कबड्डी' घुमलं, श्रेया वाऱ्यासारखी आत घुसली, दोघींना शिवून परत आली, आणि देशाच्या कबड्डीच्या अध्यक्षाने भर हॉलमध्ये दोन बोटं तोंडात घालून कचकचीत शिट्टी मारली.