निळ्या चड्डीचा पैलवान

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे इंग्रजी छापलेली कुठलीही वस्तू घरात आली, की ती आधी माझ्यापुढे ठेवली जाई. खोकल्याचं औषध, कुकरची गॅरंटी, एकदा तर उंदरांचं विषही (ते मी फक्त वाचलं).

बंगळूरच्या जयनगरात माझी थोरली बहीण, अक्का, राहायची. स्वतःची शाळा सातवीत सुटलेली. पण मला देवनहळ्ळीच्या शाळेतून बंगळूरच्या कॉलेजात आणून बी.कॉम. करवलं ते तिनंच. तिनं काही विचारलं, की मी जीव ओतून उत्तर देई.

त्या रविवारी प्रश्न होता व्हिडिओ गेमचा. तिच्या दहा वर्षांच्या सुधाला आत्यानं टीव्हीला जोडायचा खेळ पाठवला होता. खोक्यावर दोन उघडे पैलवान एकमेकांच्या तोंडावर लाथा मारत होते. पोरीला हे द्यावं, की परत पाठवावं?

"तू शिकलेला. तू म्हणशील ते सरी, तेच बरोबर," असं म्हणून भावोजी पेपरात शिरले. सुधाचे डोळे आधीच भरले होते.

अर्जदारासमोर चौकशी करणं बरं नव्हे, म्हणून मी तिला टीव्हीच्या खोलीबाहेर ठेवलं. आधी मी दाखवते, असं ती दारातून तीनदा म्हणाली. मी दार लावून घेतलं, टीव्ही आणि खेळ चालू केला आणि वहीत दोन रकाने आखले: गुण आणि दोष.

खेळाचा रिमोट हातात घेतला. खेळाचं नाव झळकलं आणि थोड्या वेळानं दोन पैलवान समोर आले. निळ्या चड्डीचा माझा, असं मी ठरवलं. (कुणीतरी ठरवायला हवंच होतं.) त्याला मागे नेणारं बटण दाबलं, तो पुढे गेला. घाबरून बोट उचललं. त्यानं समोरच्याच्या पोटात गुडघा घातला. मी तर भांडण टाळणारा माणूस! ऑफिसात कुणी माझ्या खुर्चीवर बसलं, तर मी उभ्यानं काम करतो. शेवटी रिमोट सतरंजीवर ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. आता तर तो समोरच्याला केसांना धरून आपटायला लागला!

म्हणजे हे माझ्या मनातूनच निघत होतं. दोषांचा रकाना भरला. मी मागच्या पानावर गेलो.

बाहेर येऊन निकाल सांगितला. हा खेळ माणसाच्या आत दडलेली हिंसा, हातसुद्धा न लावता, बाहेर काढतो. परत पाठवा.

अक्का माझ्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "तुला ऑफिसात कुणाचा त्रास आहे का रे?"

मला खरंच आठवेना.

तेवढ्यात सुधा आत जाऊन आली. तिच्या हातात रिमोट होता आणि त्याची वायर जमिनीवर लोळत होती.

"मामा, ही लावलीच नव्हती. कुणी खेळत नसलं की ते आपले आपणच भांडून दाखवतात."

भावोजींचा पेपर थरथरू लागला.

फेरचौकशी झाली, या वेळी वायर लावून. सुधानं मला तीन मिनिटांत चार वेळा लोळवलं आणि प्रत्येक वेळी "लागलं नाही ना मामा?" असं विचारलं. अक्काला तेवढं पुरलं. खेळ घरात राहिला.

पुढे सुधा एकटी खेळत असली, तर अक्का स्वयंपाकघरातून डोकावतही नसे. मी खेळायला बसलो, की मात्र सुधाला माझ्याजवळ बसवी.