फादर अजिनाथांच्या बदलीविरुद्धचा ठराव

आमच्या बोरमाळच्या फादरांचं कागदोपत्री नाव ऑगस्टिन. त्या नावानं हाक मारली तर ते स्वतःही वळून बघत नाहीत. घरचं नाव अजिनाथ, गावानं तेच उचललं. पाहुण्यांना ‘हे आमचे फादर अजिनाथ’ अशी ओळख करून दिली की ते आधी पांढऱ्या झग्याकडे बघतात, मग तोंडाकडे, आणि पुढं काय विचारावं हे न सुचून चहा पितात. फादरांना यात फार मजा वाटते.

माणूस पुणतांब्याचा. गोदावरीच्या काठी वाढलेल्या माणसाला पाथर्डीच्या बाजूला पाठवलं, म्हणजे बिशपांनी थट्टाच केली म्हणायची. आमच्याकडे मार्चपासून टँकर. आम्ही रांगेत हंडे लावतो आणि फादर तिथं उभं राहून सांगतात, ‘‘आमच्या पुणतांब्याला चार पायऱ्या उतरलं की पाणी!’’ नऊ वर्षं हे ऐकलंय. एकदा न राहवून मी विचारलं, ‘‘एवढी नदी सोडून आलातच कशाला मग?’’ तर म्हणाले, ‘‘पाठवलं म्हणून आलो, मास्तर. आमच्यात विचारत न्हाईत.’’

मास्तर म्हणजे मी. राधाकृष्ण मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, मारुतीच्या देवळाचा विश्वस्त, आणि गावाच्या मते तोंडाचा फटकळ. चर्चमध्ये मी रोज सकाळी जायचो तो भक्तीनं नव्हे, वर्तमानपत्रासाठी. गावात येणारा एकुलता एक अंक दुधाच्या टेम्पोतून चर्चच्या फाटकाशी पडतो. मी पोचेपर्यंत फादरांनी लाल पेनानं निम्म्या बातम्यांखाली रेघा ओढलेल्या असायच्या. कुठं युद्ध, कुठं पूर, कुठं पूल पडला, कुठं एखादा पुढारी नको ते बोलला. या सगळ्यांसाठी रविवारी प्रार्थना.

‘‘जाहिराती तेवढ्या सोडल्यात,’’ मी म्हणायचो.

‘‘सोन्याच्या जाहिरातीखाली ओढणार हुतो. पोरींच्या बापांसाठी.’’

रविवारची मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक उपासना, मी अधूनमधून शेवटच्या बाकावर बसून ऐकायचो, कारण पंखा तिथंच चालतो. आमच्या गावात ख्रिस्ती घरं तीसच, पण त्यांच्या प्रार्थनेत अख्खं जग येऊन बसायचं. फादर एकेक देश घेत. मग आपलं सरकार, मग विरोधी पक्ष, मग कांद्याचा भाव. पुढाऱ्यांची नावं घेत नसत, खाती सांगत. ‘ज्यांच्याकडे पाटबंधारे खातं आहे त्यांना सद्बुद्धी दे’ म्हटलं की सगळी मंडळी नेहमीपेक्षा मोठ्यानं ‘आमेन’ म्हणायची. छबूबाई, म्हणजे फादरांकडे स्वयंपाक करणारी म्हातारी, मध्येच उठून बाहेर पडायची आणि दारातून सांगायची, ‘‘फादर, आवरा, दाळ लागंल.’’

मी एकदा चिडून विचारलं होतं, ‘‘तुमच्या देवाला पेपर वाचता येत नाही का? तुम्हीच कशाला वाचून दाखवता?’’

‘‘त्याला येतो,’’ फादर म्हणाले. ‘‘आपन वाचून पान उलटतो ना, म्हणून मोठ्यांदा वाचायचं. त्येच्यासाठी न्हाई, आपल्यासाठी.’’

मला हे पटलं होतं, पण मी तसं बोललो नाही. एवढ्या लवकर पटवून घेणं माझ्या स्वभावात नाही.

आता हॉलचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यापायी झालं. दिवाळी उरकली की आमची निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. नवरा-बायको कोयता घेऊन जाणार, पोरं बरोबर गेली की शाळा बुडाली. फादरांनी चर्चमागच्या हॉलमध्ये सहा पोरं ठेवून घेतली, ती वाढत वाढत सव्वीस झाली. सकाळी शाळा, संध्याकाळी मी गणितं घ्यायचो, छबूबाई भाकरी थापायची. फादर काय करायचे? पोरींच्या डोक्याला तेल आणि ऊ मारायचं औषध. धर्मशास्त्र रोममधून शिकून आलेला माणूस ओट्यावर फणी घेऊन बसायचा. जेवणाआधी पोरं शाळेतलाच श्लोक म्हणायची आणि फादरही डोळे मिटून म्हणायचे, तेही चुकीच्या चालीत.

टोळ्या निघायच्या दिवशी आया आधी मारुतीला नारळ फोडायच्या, मग चर्चपुढच्या मारियामातेला. फादर दोन्हीकडचं खोबरं खायचे. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

गेल्या डिसेंबरात ते दिसलं. तालुक्याहून जीप आली, कुठल्याशा संघटनेचे चौघेजण उतरले. पोरं बाटवण्यासाठी ठेवली आहेत अशी खबर होती म्हणे. त्यांनी पोरांच्या पत्र्याच्या पेट्या उघडायला लावल्या. दहावीतल्या सुकन्याच्या पेटीत कंपास, व्हॅसलीन, तीन पुस्तकं आणि खंडोबाचा फोटो निघाला. बाकीच्यांत याहून कमी. माणसं निघून गेली, पण तहसील कचेरीत लेखी तक्रार देऊन गेली. चार दिवसांत कारखान्यांवर काम करणाऱ्या आई-बापांचे फोन सुरू झाले, ‘पोरगं बरं हाय ना? आमी काय ऐकतो ते खरं हाय का?’ दोघांनी पोरं नेलीसुद्धा.

फादरांनी मला सगळं हसत सांगितलं. ‘‘लई कसून तपासलं मास्तर, फादर व्हायला शिकताना सेमिनरीतबी एवढं तपासलं नव्हतं.’’ त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रांवर एकही लाल रेघ नव्हती. मला अंक स्वच्छ मिळाला म्हणून मी खूश होतो. इतका मूर्ख मी होतो.

जानेवारीत कळलं, फादरांची बदली. नंदुरबारकडच्या डोंगरात. त्यांच्या जागी दुसरं कुणी येणार नव्हतं, रविवारपुरता शेवगावहून एक फादर येईल म्हणे. म्हणजे हॉल बंद. चोवीस पोरं उसाच्या फडावर, आणि सुकन्याची परीक्षा तोंडावर आलेली.

आता आमचं गाव दोन वर्षांपूर्वी हिवरे बाजार बघून आलंय. तिथून आम्ही काय शिकलो? पाणलोट वगैरे राहिलं बाजूला, ग्रामसभेचा ठराव करायला शिकलो. तेव्हापासून आम्ही कशाचाही ठराव करतो. डीजेविरुद्ध केला, मोकाट डुकरांविरुद्ध केला. सरपंच पंकजाताईंनी त्याच दिवशी ग्रामसभा बोलावली आणि फादरांच्या बदलीविरुद्ध ठराव मांडला. पूर्वी एका तलाठ्याची बदली आम्ही अशीच थांबवली होती. बिशप म्हणजे त्यातलंच वरचं खातं, अशी सगळ्यांची समजूत.

मसुदा अर्थातच माझा. सात कलमं केली. पहिलं, फादर वक्तशीर आहेत. दुसरं, हॉल. तिसरं, यात्रेच्या कुस्त्यांत पंच म्हणून त्यांनी कधी पक्षपात केला नाही. चौथं मी फार विचार करून लिहिलं: ‘सदर फादर यांनी नऊ वर्षांच्या सेवाकाळात गावातील एकाही व्यक्तीचे धर्मांतर केलेले नाही, याबद्दल ग्रामसभा त्यांचे अभिनंदन करते.’ टाळ्या पडल्या. ख्रिस्ती मंडळींनीही वाजवल्या. ठराव एकमतानं मंजूर. एक प्रत कलेक्टरांना, एक जिल्हा परिषदेला, एक माननीय बिशपसाहेबांना, रजिस्टर पोस्टानं.

आठ दिवसांत बिशपांनी फादरांना बोलावलं आणि ‘मसुदा लिहिणाऱ्या गृहस्थांनाही आणावे’ असा निरोप दिला. मी इस्त्रीचा सदरा घातला. एसटीत बसल्या बसल्या फादरांना म्हणालो, ‘‘काम झालं समजा. भाषा बघूनच बोलावलंय.’’ फादर खिडकीतून बाहेर बघत होते.

बिशप शांत गृहस्थ. त्यांनी चहा मागवला, चष्मा लावला आणि ठराव हातात घेतला. ‘‘अक्षर सुंदर आहे, मास्तर.’’ मी मान लववली. मग त्यांनी चौथं कलम मोठ्यानं वाचलं. एकदा वाचलं, परत एकदा वाचलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘आमच्यात फादरांच्या शिफारशीत शक्यतो हे लिहीत नाहीत.’’

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.  मी काहीतरी सावरायला गेलो, ‘‘तसं नाही, म्हणजे संधी मिळाली असती तर...’’ आणि आणखी खड्ड्यात गेलो. बिशप पोट धरून हसले. फादर हसले नाहीत, चपलेचा अंगठा बघत राहिले.

हसणं ओसरल्यावर बिशप म्हणाले, ‘‘फादर, तुम्ही यांना सांगितलं नाहीत?’’ आणि खणातून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. फादरांचाच अर्ज. बदली त्यांनी स्वतः मागितली होती. चार ओळी होत्या: हॉलमध्ये मी आहे म्हणून पोरांच्या पेट्या तपासल्या जातात. मी नसलो तर तपासणार नाहीत. हॉल ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यावा, मास्तर चालवतील. मास्तर नाही म्हणतील, पण चालवतील.

परतीच्या एसटीत मी पाथर्डी येईपर्यंत भांडलो. शेजारचे प्रवासी जागा बदलून बसले. ‘‘मला एका शब्दानं नाही सांगितलंत? रोज तोंड बघतोय आपण एकमेकांचं!’’

‘‘सांगितलं असतं तर तुमी ठराव केला असता.’’

‘‘तो तर केलाच!’’

यावर ते खूप दिवसांनी मोकळं हसले. मग म्हणाले, ‘‘मास्तर, ते चौथं कलम तुमी मायेनं लिवलंत, मला ठावं हाय. वाईट न्हाई वाटलं. पण अर्ज देऊन माझं मन मागंपुढं हुत हुतं, ते वाचल्यावर थांबलं. नऊ वर्षं आपन रोज एकत्र बसलो, आन माझी बाजू घ्यायची म्हटल्यावर तुमालाबी ‘ह्यानं कुणाला बाटवलं न्हाई’ हेच लिहून द्यावं वाटलं.’’

मी फटकळ माणूस. उतरताना त्यांची पिशवी हिसकावून घेतली आणि चर्चपर्यंत मीच नेली.

फादर गेले फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. निरोपसमारंभ नको म्हणाले, म्हणून पन्नासच माणसं स्टँडवर होती. छबूबाईनं भाकरी बांधून दिली आणि वर दम दिला, ‘‘तिकडं येळेवर खावा, प्रार्थना काय पळून जात न्हाई.’’ पोरी रडल्या. मी त्यांना दटावलं, कारण कुणी दटावलं नसतं तर मीच रडलो असतो.

पुढच्या ग्रामसभेत पंकजाताईंनी विचारलं, हॉलवर मुक्कामाला कोण राहणार? नऊ वर्षं फादरांचं कौतुक करणारं अख्खं गाव पायाखालची सतरंजी बघू लागलं. माझा हात वर गेला. सेवाभाव वगैरे काही नाही, रागानं गेला. ‘मास्तर नाही म्हणतील’ हे त्या माणसानं आधीच लिहून ठेवलं होतं, म्हणून मला नाही म्हणायचीसुद्धा सोय उरली नव्हती.

हॉल तोच. भाकरी तीच, तेल तेच, फणीसुद्धा तीच. फक्त दारावर ‘ग्रामपंचायत बोरमाळ’ अशी पाटी. नेलेली दोन्ही पोरं परत आली. जीप काही आली नाही. उलट मार्च संपता संपता तालुक्याचे एक अधिकारी आले, ‘अभिनव उपक्रम’ म्हणाले, आणि मला शाल-श्रीफळ दिलं. दोन महिन्यांच्या कामाला शाल! मी माइक हातात घेऊन स्पष्ट सांगितलं, हे सगळं फादर अजिनाथांचं आहे, नऊ वर्षांचं आहे. नाव दोनदा घेतलं. पत्रकारानं मान डोलावून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. चार ओळी आणि माझा शालीतला फोटो. माझं नाव तीनदा, ग्रामपंचायतीचं दोनदा. फादरांचं नाव नव्हतं. मी तीनदा शोधलं. मला इतकी लाज वाटली की अंक घडी करून मांडीखाली घातला.

छबूबाई परातीत पीठ मळत होती. तिला वाचता येत नाही. म्हणाली, ‘‘मास्तर, आपल्या हालचं आलंय म्हनं पेपरात. फादरचं काय लिवलंय?’’

‘‘लिहिलंय,’’ मी म्हणालो. ‘‘चांगलं लिहिलंय.’’

‘‘मंग वाचून दावा की.’’

मी अंक बाहेर काढला, चष्मा लावला आणि वाचायला लागलो. फादर पुणतांब्याचे, इथपासून सुरुवात केली. सहा पोरं, मग सव्वीस, पोरींच्या डोक्याला तेल, कुस्त्यांतले पंच, सगळं वाचलं. का गेले, तेही वाचलं. छबूबाई पिठाचे हात तसेच धरून ऐकत होती. मी बराच वेळ वाचत होतो. सुकन्या माझ्या पाठीमागं येऊन उभी राहिली होती आणि तिला वाचता येत होतं, पण ती छबूबाईशेजारी जाऊन ऐकायला बसली.