विहीर आणि दगड, एकाच साच्यातले

शालिनीबाई गेल्या. आज पहाटे, झोपेतच.

त्यांच्यासाठी मी माझ्या हातांनी बनवलेल्या वस्तू:
गावातली सगळी घरं, कौलांसकट. देऊळ. नाल्यापलीकडची आमची बौद्धवाडी. निळ्या बाटलीच्या काचेची नदी. साबणात कोरलेली कोंडाण्याची लेणी.
एक विहीर.
आणि विहिरीपासून जरा लांब, एक दगड.

माझं शिक्षण सातवी. हे कोणी शिकवलं, असं लोक विचारतात. कोणीच नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. कर्जत तालुका, ऐंशीच्या दशकाची सुरुवात. बाई आमच्या मराठी शाळेत चौथीला शिकवायच्या. माझी पुतणी करुणा त्यांच्या वर्गात.

एक दिवस त्यांनी मला बोलावलं.
"तू करुणाचा काका ना? जत्रेत लाकडी बैलगाड्या विकतोस तो?"
"हां बाई."
"मुलांना राजे पाठ होतात रे, पण 'पूर्वी' म्हणजे काय ते कळत नाही. पूर्वीचं गाव करून देशील? घरी आजी-आजोबांना विचारून मुलं जे आणतील, तेच त्यावर येईल. माझ्या-तुझ्या मनाचं काही नाही."
"मोजून करू का अंदाजानं?"
"मोजून."

जुन्या दरवाजाची फळी घेतली. कागदाचा लगदा, कीड लागू नये म्हणून त्यात मेथी वाटून. विहीर मात्र सिमेंटची.

बाईंची एकच अट होती. "सुटं काही ठेवू नकोस. सुटी वस्तू कोणी ना कोणी उचलतं."
मला वाटलं, पोरांबद्दल बोलतायत.

करुणानं घरी आजीला विचारलं. आजी म्हणजे माझी आई. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"हिरीला आमाला शिवायला नव्हतं गं. दगडावर हंडा ठेवायचा न् लांब व्हायचं. कोनाला दया आली तं वतायचं. नाय आली तं ऊन डोक्यावर येवस्तो उभं रावायचं."

मी जाऊन तो दगड मोजला. मध्ये खोलगट, हंड्यांनी झिजलेला. तसाच केला. विहीर आणि दगड एकाच साच्यात ओतले.

मग बाईंनी पाठ घेतला. प्रत्येकानं आपापल्या घरचं सांगायचं. करुणाची पाळी आली.
"करुणा, तुझी आजी कुठे उभी राहायची? दाखव बघू."
तिनं बोट ठेवलं.

मधल्या सुट्टीत पोरांनी त्याचा खेळ केला. हिला लांब उभी केली आणि वरून तांब्यानं पाणी ओतलं. पोर ओल्या फ्रॉकनं घरी आली. रडत नव्हती. तेच बघवत नव्हतं.

दादा, म्हणजे तिचा बाप, तडक शाळेत गेला. मी मागोमाग.
"बाई, आमी बौद्ध झालो ते ह्यो दगड मागं टाकायला. तुमी माज्या पोरीला परत नेऊन तिथंच उभी केलीत."
मग माझ्याकडे वळून, "न् ह्यो आमचा कारागीर. मोजून आनला दगड."

बाई खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या,
"चुकलं माझं. प्रश्न चुकीच्या घरी विचारला."

पुढच्या पाठाचं टाचण त्यांनी नव्यानं काढलं. या वेळी प्रश्न गावातल्या मुलांना होता. घरी विचारून या, आपल्या घरातून पाणी कोण ओतायचं? आणि ओतताना हंड्याला हात का लावायचा नाही?

शाळा समितीचे तात्या. त्यांच्या नातवानं जेवताना सगळ्यांसमोर विचारलं.

तात्या दुसऱ्या दिवशी शाळेत. मी मॉडेलची कौलं चिकटवत होतो.
"बाई, किल्ले शिकवा, लढाया शिकवा. आमच्या पडवीत काय चालायचं ते पोरांना कशाला?"
"तुमच्या नातवानं फार छान सांगितलं, तात्या. काही लपवलं नाही."
"तो दगड काढा तेवढा."
बाईंनी माझ्याकडे बघितलं. "निघेल का रे?"
"नाय बाई. एकाच साच्यातलं हाय. दगड काढला तं हीर तडकंल."
"मग विहीर पण काढा."
"आणि गावाला पाणी कुठलं दाखवू, तात्या?"

तेव्हा मला सुटं न ठेवण्याची अट कळली.

जूनमध्ये बाईंची बदली झाली. खालापूरच्या डोंगरातली वाडी, चढून जायची. ऑर्डरमध्ये कारण नव्हतं.
जाताना म्हणाल्या, "हे शाळेत ठेवू नकोस. घरी ने."
तेव्हापासून माझ्याकडे आहे.

दादा शेवटपर्यंत त्या मॉडेलच्या खोलीत आला नाही. मी त्याला कधी दोष दिला नाही. बाईंनाही नाही. दोघांचं खरं होतं, आणि मी दोघांच्या मध्ये.

करुणाला विचारूनच तिचं नाव लिहिलंय. आज फोनवर म्हणाली,
"काका, बाईंनी पहिल्याच दिवशी तात्यांच्या नातवाला विचारलं असतं तर?"
तर तिचा फ्रॉक कोरडा राहिला असता. बदली तरीही झाली असती. यापलीकडे मला सांगता येत नाही.

बाई, दगडाच्या मधला खोलगटपणा अजून तसाच आहे. बोट फिरवून बघितलं मघाशी.
शेवटचा जय भीम.

एक गोष्ट तुम्हाला फोन करून सांगायची होती, राहून गेली. गेल्या महिन्यात कळंबकडचे एक रिसॉर्टवाले माझ्या वर्कशॉपवर आले होते. हे मॉडेल लॉबीत काचेखाली ठेवतो म्हणाले, माझं नाव घालून. फक्त त्या दगडाचं तुळशीवृंदावन करून द्या, पाहुण्यांना बरं वाटतं.
दीड लाख देत होते.
नाही म्हटलं.