होय म्हाराजा म्हणणारं प्रथिन

आमच्या वालावलच्या घरातून कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की बाबा तुळशीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत. देवाला एकेक मागणं सांगायचं, थांबायचं, आणि मागे उभ्या असलेल्याने ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. ते कोणी म्हटलं नाही तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. आमच्याकडे ते काम आईचं. हात पिठाचे असले तरी ती येऊन उभी राहायची.

मी पुण्याला रक्तवाहिन्यांच्या पेशींवर संशोधन करतो. एका सुट्टीत बाबांनी विचारलं, “तू थंय करतस तरी काय रे?”

मी सांगितलं, शरीरात कुठे रक्त कमी पडलं की ‘नव्या वाहिन्या वाढवा’ असा निरोप घेऊन एक प्रथिन पेशीपाशी येतं. तो निरोप घेणारा ग्राही पेशीच्या अंगावरच असतो. त्याच्या शेजारी न्यूरोपिलिन नावाचं आणखी एक प्रथिन असतं. त्याला स्वतःला आत हुकूम सोडता येत नाही. ते फक्त निरोप धरून ठेवतं आणि ग्राहीच्या हाती नीट देतं. ते नसलं तर निरोप पोचतो, पण क्षीण.

“म्हंजे ह्यां होय म्हाराजा म्हणणारां प्रथिन,” बाबा म्हणाले. आई हसली. मला जे कळायला दोन वर्षं लागली ते त्यांना ओसरीवर बसून कळलं, याचा मला जरा रागच आला.

पुढच्या वर्षी आई गेली. मी दर रविवारी फोन करायचो. बाबा म्हणायचे, “बरां आसा.” पूर्वीही हेच म्हणायचे, पण तेव्हा मागून आई ओरडायची, “खोटां सांगतत. साखर वाढली हा.” आता मागून कोणी बोलत नव्हतं. मीही ‘बरं’ म्हणून फोन ठेवायचो. ते मला सोयीचं होतं, हे कबूल करतो.

शेजारच्या काकींनी कळवलं तेव्हा बाबा भिंत धरून चालत होते. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरेनासं झालं होतं, पडद्याने वाढीचे निरोप सोडले होते, आणि त्यातून उगवलेल्या कच्च्या वाहिन्या फुटल्या होत्या. उजवा डोळा गेला. डाव्यासाठी तोच निरोप अडवणारं इंजेक्शन, दर महिन्याला, गोव्याला जाऊन. वाचेलच असं डॉक्टर सांगेनात. ते औषध कसं काम करतं हे मला तोंडपाठ होतं. त्याचा काय उपयोग.

पहिल्या इंजेक्शनला निघताना बाबांनी चाचपडत नारळ ठेवला. मी मागे उभा राहिलो, आईच्या जागी. या खेपेला चुकायचं नाही असं ठरवलं होतं.

“बा देवा म्हाराजा, एक डोळो तरी सांभाळ, होय म्हाराजा. माझो झील लांब पुण्याक ऱ्हवता, तेका सुखात ठेव, होय म्हाराजा.”

मी मागे आहे हे त्यांना माहीत होतं. पण ‘होय म्हाराजा’ही तेच म्हणत गेले, कुठेच थांबले नाहीत. आई गेल्यावरच्या वर्षभरात त्यांची थांबायची सवय मोडली होती.