अळणी नवस

माझा मेडिकलला नंबर लागावा म्हणून आई देवीला बोलली होती, निकाल लागेपर्यंत अळणी जेवीन. चाकूरचं घर वडिलांवर टाकून ती माझा स्वयंपाक करायला लातुरात आली होती. पत्र्याची एक खोली आणि गल्लीभर क्लासची पोरं. अशा आया घरोघरी होत्या. कुणी चहा सोडलेला, कुणी चप्पल. आमची मीठ सोडून बसली. मला राग यायचा. अभ्यास मी करायचा आणि उपास हिनं, हा कुठला न्याय?

तिला बीपीची, लघवी वाढवणारी गोळी चालू होती. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलेलंच, त्यामुळे नवसाचा तिला दुप्पट फायदा वाटायचा. उकाडा म्हणून तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची.

मग डोकं दुखायला लागलं, मळमळ सुरू झाली, चालताना झोक जायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "निकालाचं टेन्शन, दुसरं काय!" साखर तपासली, ठीक निघाली. एका सकाळी तिनं भाजीत चहापत्ती टाकली आणि मला विचारलं, "बाई, तुमी कोन?" मी तिला तशीच रिक्षात घातली.

दवाखान्यात रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "रक्तात सोडियम एकशे पस्तीसच्या वर पाहिजे. यांचं एकशे बारा आहे. गोळीनं मीठ बाहेर जातंय, खाण्यातून येत नाही, वरून एवढं पाणी."

"मग लवकर भरून काढा ना."

"घाई केली तर मेंदूला इजा होते. हळूहळूच वाढवायचं."

सोडियम पाण्यात टाकलं की पेट घेतं, एवढंच मला पाठ होतं. गोळी बंद झाली, पाणी मोजून, सलाईन थेंबथेंब, आणि सारखी रक्ततपासणी. तिनं मला ओळखलं तेव्हा मी वॉर्डात सगळ्यांसमोर रडले.

पुढं मिठाची खिचडी नेली तर तिनं तोंड फिरवलं. "निकाल लागला न्हाई आजून."

"सलाईनमधी मीठच हाय, आई. नवस कवाच मोडला."

"ते हातातून गेलं. तोंडानं म्या खाल्लं न्हाई."

डोकं ठिकाणावर आलं होतं, यात शंका नव्हती. "तू खाल्ल्याबिगर मीबी जेवनार न्हाई," मी म्हणाले. तिनं खाल्लं, माझ्याकडं न बघता.

नंबर लागला नाही. फिजिक्सनं घात केला. आई मात्र अजून त्या खिचडीलाच दोष देते.

"तू हट्ट केला नसतास तर डाक्टर झाली असतीस," ती परवाही म्हणाली.

"झाले असते, आई. पन पेढे कुनाला दिले असते?"