दमलेलं पानी

शाळंत मी एकदाच गेलो, ते बी शेरडं आत घुसली म्हनून. तवा समिंदर कसा असतो हे मला कोन शिकवनार? सोलापूरकडच्या मंद्रूपच्या मानसाला पानी म्हंजी हिरीत खाली वाकून बगायची गोष्ट. मातीकामाच्या टोळीबरुबर कोकनात गेलो, खाडीच्या काठाला एका बाईचा बांध नीट केला. टोळी माघारी आली आन् मी राखनीला तितंच ऱ्हायलो. कारन एकच. बाईचं कालवन लई झ्याक हुतं.

बाईचा नवरा वारलेला. त्येच्या मागं तिच्याकडं खाजन आलेलं. खाजन म्हंजी बांध घालून अडवलेलं खारं पानी, कडंनी तिवराची झाडं आन् बांधाला एक लाकडी दार. भरती आली की दारातनं समिंदर आत यायचा, त्येच्यासंगट कोळंबीची केसाएवढी पिल्लं. ती तिवराच्या मुळ्यांत लपून वाढायची. वाढली की ओहोटीला दाराशी जाळं लावायचं. बाईचे दोन दीर ह्या खाजनावर टपलेले. बाईमानसाला हे जमनार न्हाय, आमच्याकडं दे, असं त्यांचं चाललेलं. ह्या खेपंची कोळंबी नीट निघाली तरच त्यांची तोंडं बंद हुनार हुती. हे तिनं मला पयल्याच दिशी सांगितलं. मी कालवन वरपत व्हय व्हय म्हनलं.

मग तिची आय आजारी पडली. माहेरी जाताना तिनं मला दार कसं उचलायचं ते दावलं. रोज दोन टायमाला, पाऊस असू दे न्हायतर नसू दे.

"आतलं पाणी दमतं, भाऊ. त्याला फिरवून आणायला लागतं."

मी मनात हासलो. मानूस दमतो, बैल दमतो. पानी कुटं दमतं?

ती गेली त्याच सांजंला परतीचा पाऊस आला आन् खाजन काठोकाठ भरलं. वरचं पानी चाखलं तर गोड. आन् हे गोड पानी म्या ओहोटीला दार उघडून समिंदरात सोडायचं? आमच्याकडं दांडातलं पानी शेजाऱ्यानं वळवलं तर कुऱ्हाडी निघत्यात. माजा हातच दाराला लागंना. तीन दिस दार बंद ठिवलं. स्थळ बगाय आल्यागत बांधावर मांडी घालून त्या पान्याकडं बगत बसलो. भायेर भरती दाराला धडका द्यायची. मी म्हनायचो, जा की बाबा, हितं भरलंय.

पुढं लई वरसांनी कळलं, पावसाचं पानी हलकं असतंय. ते दुधावरच्या सायीगत वर पसरलं, आन् खालचं खारं, जड पानी त्येच्याखाली कोंडलं. वारं न्हाय, ऊन कडक. खाली जीव गुदमरत हुते आन् वर मी बिडी वडत हुतो.

चवथ्या दिशी उजाडता उजाडता गेलो तर समद्या काठाला कोळंबी, मिशा पान्याच्या वर. मासं तोंड भायेर काढून आ करत्यात. खेकडं तर पानी सोडून बांधावर आले आन् माज्या पायापाशी बसले. हालंनात. मला वाटलं भुका लागल्या. भाकरी कुस्करून टाकली. कोनी शिवंना. मग वाटलं, आपल्या अंगात कायतरी देवपन असंल, जितराब दर्शनाला आलंय. मी खेकड्यांस्नी हात जोडले. खरंच जोडले.

काठानं बारीक चुट चुट आवाज येत हुता. ऊन वर आलं तसा तो कमी कमी होत गेला. म्हनलं, झोपली वाटतं.

दुपारी समदं पानी पांढऱ्या पोटांनी भरलं. तवा मी दार उघडलं.

दुसऱ्या दिशी बाई आली. काठाला बसून तिनं ओंजळीत पानी घेतलं, हुंगलं, सोडून दिलं. मला वरडली न्हाय. सांजंला मला वाढलं. मग म्हनली, "उद्या दीर येतील. मी तुला सांगून गेले होते आणि दार तू बंद ठेवलंस, एवढं त्यांना सांग. बाकी काय नको."

व्हय म्हनलं. आन् पहाटंच्या पयल्या एष्टीनं सोलापूर गाठलं.

तवापासनं तो चुट चुट आवाज माज्या मागं हाय. कालवन मंद आचंवर शिजाय लागलं की येतो. शेरडं कडबा चघळाय लागली की येतो. बायको म्हनती, जेवता जेवता असं कान टवकारून काय बसताय. मंद्रूपच्या बाजारच्या दिशी च्याच्या टपरीवर हा किस्सा मी कितींदा तरी सांगितला, पन खेकड्यांस्नी हात जोडले इथवरच. मानसं डोळं पुसत हासत्यात. पुढं एष्टी हाय, ती मी कंदी सांगितली न्हाय.

ह्या साली फोन लावला. तिनं आवाज लगीच वळखला. खाजन दिरांनी घेतलं, दार काढून तितं पक्की भिंत घातली, म्हनली. समिंदर भायेरच्या भायेर येतो आन् जातो. तिवरं वाळली, बगळं येत न्हाईत, चिखलावर मीठ फुटलंय.

म्हनलं, "वैनी, मी येतो. समद्यांस्नी खरं सांगतो."

"मी तेव्हाच दिरांना सांगितलं, दार उघडायचं माझ्याकडनं राहिलं म्हणून."

"तुमी? का बरं?"

"पळालेल्या माणसाचं नाव घेऊन कोण खरं मानतं, भाऊ?"

त्यानंतरच्या बाजारच्या दिशी टपरीवर मी खेकड्यांच्या पुढं गेलो. कालवन, दीर, एष्टी, फोन, समदं सांगितलं. मान वर करून बगितलं तर मानसं हासतच हुती. एकानं पाठीवर थाप मारली आन् म्हनला, शेवट नवा घातलास व्हय.