तांबटाचा अंगठा

१९३४ साल, मी बावीस वर्षांचा. पंचवटीत आमच्या शेजारी एक तांबट होता. उजव्या पायाच्या अंगठ्यानं हंडा दाबून तो दिवसभर ठोकायचा. त्याचा ठोका कधी चुकला नाही.

तो अंगठा सुजून ठणकायला लागला, तेव्हा त्यानं त्यावर तापवलेला बिब्बा लावला. अंगठा काळा पडला.

"दादा, दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"डॉक्टर अंगठाच कापील. मग हंडा तुझा बाप धरील का?"

एका संध्याकाळी त्यानं हसत हातोडीनं अंगठ्यावर टकटक केलं. "बघ, दुखत नाही. बरा झाला."

"मग वास कसला येतोय?"

"तांब्याचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेळेवर कामाला बसला, आणि माझ्याकडे न बघता हंडा डाव्या पायाखाली घेतला. ठोका चुकत होता.